हातीं आलेली विद्या : मृदंग शिकूं इच्छिणाऱ्यांसाठीं

चैत्र लागला कीं आमच्या बीड जिल्ह्यांत गांवोगांवीं सप्ताहाचे मांडव पडतात. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या हंगाम संपवून परत येतात, सहा महिने बंद असलेल्या घरांचीं कुलपें निघतात, आणि देवळाच्या पारावर पहिला विषय निघतो तो सप्ताहाचा. कीर्तनकार ठरतात, पंगती वांटून घेतल्या जातात, वीण्याचे पहारे लागतात. मग कोणी तरी विचारतो, "अन् मृदंगाला कोण?" येथें पुष्कळ गांवांत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. मृदंग आहे. देवळाच्या आढ्याला फडक्यांत गुंडाळून टांगलेला आहे. त्याला हात लावणारा म्हातारा गेला, आणि त्याच्या मागें कोणी तयार झाला नाहीं. शेवटीं बाहेरगांवचा मृदंगी ठरवून आणावा लागतो. तो बिचारा चांगलें वाजवितो, आठ दिवस गांव डोलतें, आणि काल्याच्या दुसऱ्या दिवशीं तो आपला मृदंग पिशवींत घालून निघून जातो. गांव पुन्हा होतें तेथेंच.

या पाठांत त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. "मृदंग कसा शिकावा?" असें तरुण वारकरी पुष्कळदा विचारतात. विचारतांना त्यांच्या हातांत बहुधा एखादी वही नाहीं तर मोबाईल असतो. बोल कुठें लिहिलेले मिळतील, ठेके कुणाजवळ आहेत, अशी त्यांची चौकशी असते. वही वाईट नाहीं. पण नुसत्या वहींतून मृदंग हातांत उतरला असें एकही उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. ही विद्या सांगून कळत नाहीं, करून कळते. आणि करायचें तें कोणत्या क्रमानें करायचें, हें माहीत नसल्यामुळें पुष्कळांची हौस दोन महिन्यांत विझते.

आमच्या भागांतल्या वाचकांना हें कोयत्याच्या उदाहरणावरून चटकन् पटेल. ऊस कसा तोडावा याचें पुस्तक कोणी वाचलेलें नाहीं. नवा गडी फडांत येतो तेव्हां त्यानें आल्याबरोबर कोयता उचलला तरी त्याच्याकडून फारसें काम होत नाहीं. तो आधीं तोडलेला ऊस गोळा करतो, वाढें वेगळें करतो, मोळी बांधायला शिकतो. मोळी बांधतां बांधतां त्याच्या ध्यानांत येतें कीं कुणाचा ऊस बुडापासून सरळ तुटून येतो आणि कुणाचा मागें खुंट ठेवून. साखर बुडख्याकडे जास्त, तेव्हां खुंट राहिला कीं शेतकरीही ओरडतो आणि मुकादमही. मग एखाद्या दिवशीं थोरला भाऊ म्हणतो, "घे, ही सरी तूं धर." पहिल्या सरीला वेळ लागतो, हाताला फोड येतात, पण वाकायचें किती, घाव कसा तिरका घालायचा, तें कमरेला आणि मनगटाला उमजूं लागतें. महिन्याभरानें त्याला विचारा, "कसा तोडतोस रे?" सांगतां येणार नाहीं. तोडून दाखवील. (लहान पोरांनीं फडांत जावें असें मात्र येथें कोणी समजूं नये. त्यांची जागा शाळेंत.)

मृदंगाचें हें मोळी बांधणें म्हणजे कणीक भिजविणें. मृदंगाला दोन तोंडें. उजव्या पुडीवर काळी शाई असते. लोखंडाचा बारीक कीस आणि भाताची खळ घोटून, थरावर थर देऊन ती कायमची बसविलेली असते. डाव्या तोंडाला, ज्याला आपण धूम म्हणतों, वाजविण्यापूर्वीं गव्हाची ओली कणीक लावतात आणि वाजवून झाल्यावर काढून टाकतात. ज्वारीचें पीठ येथें कामाचें नाहीं. त्याला चिकटपणा नाहीं, दोन थापा पडल्या कीं सुटून खालीं येतें. म्हणून आमच्यासारख्या ज्वारी-बाजरीच्या मुलुखांतही मृदंगापुरती मूठभर गव्हाची कणीक घरांत ठेवावी लागते.

शिकणाऱ्यानें पहिले पंधरा दिवस ही कणीकच सांभाळावी. पाणी किती घालायचें? सैल झाली तर पुडीवर पसरते आणि आवाज घुसमटतो. घट्ट झाली तर कडेनें उचलली जाते. किती लावायची? जास्त लावली कीं धुमाचा आवाज खालीं उतरतो, कमी लावली कीं वर चढतो. चैत्र-वैशाखांत आमच्याकडची हवा अशी कोरडी, कीं कीर्तन अर्ध्यावर येईतों कणीक वाळूं लागते आणि आवाज वर सरकतो. मग जाणता मृदंगी कीर्तनकार बोलत असतांना हळूच बोटें ओलीं करून कणकेवरून पाण्याचा हात फिरवितो. आषाढींत सगळें उलट. चामडें हवेंतला ओलावा पितें, पुडी सैल पडते, आवाज बसतो. तेव्हां गजऱ्यावर हातोडीनें ठोकून पुडी ओढून घ्यावी लागते. पंधरा दिवस हें ज्यानें स्वतःच्या हातानें केलें त्याचा कान तयार होतो. त्याला एक अक्षरही वाजवितां येत नसेल, पण मृदंग लागला कधीं आणि उतरला कधीं हें त्याला कळतें. पहिल्या दिवसापासून बोलांच्या मागें धांवणाऱ्याला नेमकें हेंच कळत नाहीं. दोन-दोन वर्षें वाजवूनही ज्यांचा मृदंग कीर्तनकाराच्या पट्टीशीं जुळत नाहीं, असे वादक आपण सर्वांनीं ऐकलेले आहेत.

शाईवरून एक गोष्ट आठवली, ती सांगून पुढें जाऊं. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२० सालीं एका सहकाऱ्यासह आपल्याकडच्या मृदंग-तबल्यासारख्या वाद्यांवर एक शास्त्रीय टिपण प्रसिद्ध केलें. (त्यांना १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें प्रकाशावरच्या संशोधनासाठीं.) साध्या ताणलेल्या चामड्यावर थाप मारली तर त्यांतून जे निरनिराळे नाद निघतात ते एकमेकांशीं जुळत नाहींत. पण पुडीच्या मध्यावर शाईचा भार दिला कीं तेच नाद तारेच्या वाद्याप्रमाणें एकमेकांशीं मिळून येतात, आणि म्हणून मृदंगाला सूर असतो, असें त्यांनीं दाखविलें. आतां पाहा, ज्या कारागिरानें पहिल्यांदा शाई चढविली त्याला हें गणित कोठें ठाऊक होतें? त्यानें एक थर दिला, वाजवून पाहिला, घांसला, पुन्हा दिला. हातानें आधीं शोधलें, शास्त्रानें शेंकडों वर्षांनीं त्याचें कारण सांगितलें.

कणकेनंतर टाळ. कांहीं तरुणांना टाळ धरणें हें कमीपणाचें वाटतें. मृदंगाला जागा मिळाली नाहीं म्हणून टाळ, असा त्यांचा समज. त्यांनीं हा समज सोडावा हें बरें. टाळ कांशाचा, म्हणजे तांबें आणि कथील यांच्या मिश्रणाचा. दोन्ही वाट्या तोंडाला तोंड अगदीं बरोबर लावून आपटल्या तर मध्यें हवा कोंडते आणि 'थप्' असा मेलेला आवाज येतो. एक वाटी किंचित् सरकवून, कड कडेला लागेल अशी आणावी लागते आणि लागतांच हात सैल सोडावा लागतो. एवढें वाचून कोणाला टाळ वाजवितां येईल असें नाहीं. म्हणूनच नव्या पोराला दोन जुन्या टाळकऱ्यांच्या मध्यें उभें करतात. दोन्ही कानांवर बरोबर टाळ पडत असतो, आणि आपला चुकीचा पडला कीं तो आपल्यालाच टोंचतो. कोणी ओरडावें लागत नाहीं. पाउलीचेंही तसेंच. आधीं पाय लयींत पडूं द्यावेत, हात पायांच्या मागून आपोआप येतो. मांडी घालून टाळ शिकलेला मुलगा उभा राहिला कीं गडबडतो. चालतां चालतां शिकलेला बसला तरी चुकत नाहीं. यांत कांहीं गूढ नाहीं, करून पाहावें.

आतां मृदंगाला बसावें. पहिला महिना चारच अक्षरांचा : ता, दीं, थुं, ना. प्रत्येक बोल आधीं तोंडानें म्हणावा, टाळी देऊन म्हणावा, आणि मगच हातानें काढावा. जें तोंडांत अडखळतें तें हातांत हमखास अडखळतें. 'ता' हा उघडा बोल. तापल्या तव्याला बोट लागून जसें चटकन् उठतें तसा हात पुडीवरून उठला पाहिजे. चिकटून राहिला तर नाद तेथेंच मरतो. 'ति' आणि 'ट' हे बंद बोल, त्यांत हात शाईवर टेकून राहतो. 'धा' म्हणजे दोन्ही हात एकदम, उजव्याचा 'ता' आणि डाव्याची थाप. नवशिक्याचा डावा हात नेहमीं मागें पडतो, कारण जन्मभर तो उजव्याचा गडी म्हणून राबलेला असतो, स्वतःच्या अकलेनें त्यानें कांहीं केलेलें नसतें. त्याला निराळें काम द्यावें. रोज कांहीं वेळ उजवा हात मांडीवर ठेवून एकट्या डाव्यानें थाप द्यावी. घरांतलीं माणसें कंटाळतील, पण हा डावा हात पुढें जन्मभर उपयोगीं पडतो.

मग भजनी ठेका. आठ मात्रांचा, वारकऱ्याच्या कानांत लहानपणापासून बसलेला. कानांत आहे म्हणूनच येथें फसगत होते. मुलाला वाटतें, हा तर आपल्याला येतोच. आणि तो पहिल्याच दिवशीं दुप्पट लय धरतो. शिकविणाऱ्यानें येथें कठोर असावें. एकच ठेका, अगदीं सावकाश, पाव तासभर, लय न वाढवितां. जलद वाजविणें सोपें असतें, कारण एक बोल दुसऱ्याला ढकलत नेतो. सावकाश वाजवितांना दोन मात्रांमधली मोकळी जागा आपल्यालाच सांभाळावी लागते. हात दुखेल. कुठें दुखतो तें पाहावें. मनगट भरून येत असेल तर तें बहुधा नवेपणाचें आहे, थोडी विश्रांति देऊन पुन्हा बसावें. खांदा दुखत असेल तर बसणें चुकत आहे. मृदंग फार लांब किंवा फार उंच ठेवला आहे. जाणता माणूस हें बोल न ऐकतांही, नुसता खांदा पाहून ओळखतो, आणि मागून येऊन मृदंग चार बोटें अलीकडे सरकवितो. वर्षभराचें दुखणें त्या चार बोटांत जातें. वहीला डोळे नसतात, ही तिची अडचण.

एवढें झालें कीं घरचा अभ्यास पुरे. येथून पुढचें शिक्षण सप्ताहांत. आपल्या सप्ताहाच्या दिवसाची मांडणी पाहा, शिकणाऱ्यासाठीं कोणी जिना बांधून ठेवावा तशी ती आहे. पहाटे काकडा. माणसें थोडीं, अर्धीं झोपेंत, चाली नेहमींच्या. शिकाऊ मुलाला पहिली संधि द्यायची ती येथें. दुपारीं गाथ्यावरचें भजन. येथें चाली बदलतात, पण गाणारे बसलेले असतात, चुकलें तर सांभाळून घेतात. संध्याकाळीं हरिपाठ, उभ्यानें, पाउल्यांसह. शब्द ठरलेले, क्रम ठरलेला, पण आतां मृदंग गळ्यांत आहे आणि पाय हलत आहेत. रात्रीचें कीर्तन मात्र लगेच देऊं नये. कीर्तनांत पुढें काय होणार हें कुणालाच ठाऊक नसतें. कीर्तनकार निरूपणांत रंगला कीं मृदंगानें गप्प बसायचें. बोलतां बोलतां त्यानें एकदम चरण उचलला कीं त्याच क्षणीं, त्याच लयींत शिरायचें. त्यासाठीं त्याच्या तोंडाकडे नव्हे, त्याच्या टाळाच्या हाताकडे आणि पायाकडे पाहावें लागतें. चरण तोंडांतून येण्याआधीं पाय हलतो. हें ज्याला दिसूं लागलें तो मृदंगी झाला म्हणावें. आणि कीर्तनानंतरचा जागर कधीं चुकवूं नये. रात्रीं दोन वाजतां ऐकणारें कोणी नसतें, तेव्हां हात मोकळा होतो.

वारकरी संप्रदायांत शिकण्याची ही रीत आजची नाहीं. वै. विष्णुबुवा जोग महाराजांनीं १९१७ सालीं आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. महाराज तरुणपणीं तालमींत कसलेले होते, आणि तालमींत डाव नुसता पाहून येत नाहीं, अंगावर घ्यावा लागतो. संस्थेंतला विद्यार्थी ग्रंथ शिके, पण त्याबरोबर माधुकरी मागे, रोज हरिपाठाला उभा राही, दुसऱ्याच्या कीर्तनांत मागें टाळ धरी. स्वतः कीर्तनाला उभें राहण्यापूर्वीं कितीतरी कीर्तनें त्यानें पायांवर उभें राहून ऐकलेलीं असत. आपल्या जिल्ह्यांतील नेकनूरचे वै. बंकटस्वामी महाराज हे जोग महाराजांच्या हाताखालीं तयार झालेल्या त्या पहिल्या पिढींतले. पाटोदा तालुक्यांतल्या सावरगांव घाट येथें १८९६ सालीं जन्मलेले वै. भगवानबाबा नारायणगडावर माणिकबाबांच्या सहवासांत राहिले आणि पुढें आळंदीस बंकटस्वामींजवळ शिकले. १९६५ सालीं बाबा वैकुंठवासी झाले, पण त्यांनीं रुजविलेला नारळी सप्ताह चालूं आहे. दर वर्षीं गांव निराळें. ज्या गांवानें पुढचा सप्ताह घ्यायचा त्यानें नारळ घ्यायचा. एका गांवचा टाळकरी दुसऱ्या गांवच्या टाळकऱ्याशेजारीं उभा राहतो तो अशाच वेळीं, आणि चाली या गांवांतून त्या गांवांत जातात त्याही अशाच.

आणि मृदंगाचेंच म्हणाल तर अंबाजोगाई तालुक्यांतलें आपेगांव विसरून चालणार नाहीं. (माउलींच्या पूर्वजांचें आपेगांव तें वेगळें, पैठणजवळचें, नांवसारखेपणामुळें पुष्कळांचा घोंटाळा होतो.) थोर पखवाजवादक शंकरबापू आपेगांवकर यांचें हें गांव. १९८६ सालीं भारत सरकारनें त्यांना पद्मश्री दिली, आणि त्यांचे चिरंजीव उद्धवबापू यांनीं बापांची विद्या पुढें चालविली. बापाच्या हातून मुलाच्या हातांत, समोरासमोर बसून, असाच या विद्येचा प्रवास होत आला आहे. खेड्यांत शिकून काय होणार, असें म्हणणाऱ्यांना एवढें एक नांव पुरे आहे.

मोबाईलविषयीं दोन शब्द. त्यावर आतां मृदंगाचे धडे भरपूर मिळतात आणि आम्ही त्यांना नांवें ठेवीत नाहीं. विसरलेली चाल आठवायला, एखादा बोल पुन्हा पुन्हा ऐकायला त्याचा चांगला उपयोग होतो. त्याहून चांगला उपयोग म्हणजे आपलाच ठेका त्यांत भरून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशीं ऐकावा. वाजवितांना जी लय आपल्याला दगडासारखी स्थिर वाटली ती किती पुढें पळाली हें तेव्हां कळतें. पण मोबाईल आपलें मनगट धरीत नाहीं. शिवाय त्यावर जें पाहायला मिळतें तें बहुधा चौपट लयीचें, टाळ्या घेणारें. पोरगा आधीं तेंच उचलतो आणि मग अभंगावर तेंच ओततो. मृदंग कितीही सुंदर वाजला आणि अभंगाचें अक्षर मागच्या बाईला ऐकूं आलें नाहीं, तर तो मृदंग चुकला असेंच म्हणावें लागेल.

आतां मुख्य अडचण. आपल्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत ऊसतोडीला जातात तीं शिमगा-पाडव्याच्या सुमारास परततात. चैत्रापासून भाद्रपदापर्यंत कमावलेला हात पुढच्या सहा महिन्यांत जातो. दरवर्षीं पुन्हा 'ता'पासून सुरुवात. चार वर्षें असें झालें कीं मुलगा कंटाळून मृदंग सोडून देतो, आणि गांव म्हणतें, त्याच्या नशिबांत नव्हता. नशिबाचा येथें संबंध नाहीं. सहा महिन्यांचा खंड पडला तर कोणाचाही हात जाईल.

जे तरुण टोळीबरोबर जातात त्यांनीं मृदंग नेऊं नये; कोपींत तो टिकत नाहीं. टाळ न्यावेत. गांठोड्यांत ते सहज मावतात. कोयत्यानें तळव्याला घट्टे पडतात त्याचें कांहीं नाहीं, पण मूठ सारखी आवळून बोटें आखडतात, तें मृदंगाला घातक. संध्याकाळीं आंघोळीच्या कढत पाण्यांत बोटें मोकळीं करावींत, आणि कोपीपुढें बसून दहा मिनिटें मांडीवर एकच ठेका, तोंडानें म्हणत, सावकाश. नवें कांहीं शिकूं नये; फक्त लय जाऊं देऊं नये. चार कोप्या मिळून हरिपाठ होत असेल तर फारच उत्तम. फडाच्या कामानंतर अंगांत त्राण राहत नाहीं हें आम्ही जाणतों. म्हणून तासभर नव्हे, दहाच मिनिटें म्हटलीं.

पण याहून मोठी सोय गांवांतच आहे आणि तिच्याकडे कुणाचें लक्ष जात नाहीं. टोळ्या गेल्यावर गांवांत मागें कोण राहतें? म्हातारीं माणसें आणि आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहांत ठेवलेलीं शाळेचीं मुलें. म्हणजे ज्यांना येतें ते, आणि ज्यांनीं शिकायचें तीं. मधली पिढी नसते, गडबड नसते, सप्ताहाची घाई नसते. आपण ओस गांव म्हणून हळहळतों, तोच मृदंगाच्या शाळेचा खरा हंगाम. सुरुवातही आयती आहे : कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेचा काकडा पुष्कळ देवळांत असतोच. त्या महिन्यांत मुलांना टाळ द्यावेत, कणीक भिजवायला लावावी. पौर्णिमा झाली कीं तेंच काम संध्याकाळीं दिवेलागणीला, शाळा सुटल्यावर, तासभर. शिकविणाऱ्या आजोबांची बोटें थरथरत असतील, त्यांना स्वतःला आतां ठेका काढतां येत नसेल; तरी हरकत नाहीं. त्यांना ऐकतां येतें, खांदा पाहतां येतो, "थांब, पुन्हा" म्हणतां येतें. त्यांचा चहा-साखरेचा खर्च गांवानें सप्ताहाच्या वर्गणींतून उचलावा. बाहेरच्या मृदंग्याला आठ दिवसांचे जे देतों त्यांत म्हाताऱ्याचा हिवाळा निघेल.

या वर्गांत मुली आल्या तर त्यांना टाळांपाशींच थोंपवूं नये. आतां मुली मृदंगाला बसूं लागल्या आहेत आणि चांगलें वाजवीत आहेत. ज्या जिल्ह्यांतून दर आषाढीला मुक्ताबाईंची पालखी जाते तेथें याविषयीं अधिक लिहिण्याची गरज नसावी. मुलांचा हात थोडा बसला कीं त्यांना या पालखीबरोबर, किंवा परळी-अंबाजोगाईकडच्या गांवांनीं शेगांवच्या पालखीबरोबर, जाणत्या माणसाच्या सोबतीनें दोन मुक्काम पाठवावें. चालतांना मृदंगाचा पट्टा मानेला कसा काचतो आणि तो खांद्यावर कसा घ्यावा, हें तेथें एका दिवसांत कळतें.

वर्ग सुरूं करण्यापूर्वीं आढ्याचा मृदंग खालीं काढून पाहावा. वाद्या ओढून पाहाव्यात, गट्टे जागेवर आहेत का तें पाहावें, शाईला भेगा गेल्या असतील तर ती पुडी बदलावी लागेल. पंढरपुरास किंवा आळंदीस हें काम करणारे कारागीर आहेत. कार्तिकी वारीला जाणाऱ्याजवळ मृदंग द्यावा. पुष्कळ ठिकाणीं डावी पुडी मध्यभागींच कुरतडलेली सांपडेल. शेवटचें वाजवून झाल्यावर कोणी कणीक काढली नाहीं, तिच्या वासानें उंदीर आले. कणीक ओली असतांनाच, वाजविणें थांबल्याबरोबर काढावी आणि ओल्या फडक्यानें पुडी पुसून घ्यावी. वाळल्यावर सुरीनें खरवडली तर पुडी कापली जाते. हें काम पहिल्या दिवसापासून वर्गांतल्या सर्वांत लहान मुलाकडे द्यावें.